काखेतला चौकोनी तुकडा

आपा, शुद्धलेखनाच्या चुका माफ करा, आणि अक्षरालाही. चौथीनंतर माझ्या हातात जी पेन्सिल आली ती तुमच्या दुकानात, आणि तोही कापडावर खुणा करायचा खडू होता. त्यामुळे माझी ओळ सरळ जात नाही, गळ्याच्या वळणासारखी खाली झुकत जाते. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही कळलं नाही. तुम्ही हे वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. तुम्ही असता तर मी लिहिलंच नसतं, आणि बोलले तर त्याहून नसते. ‘विमल बोलाया लागली की मशीन बंद कराय लागतं गं, नायतर ऐकू येत न्हाई,’ असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. आज तुमचं मशीन बंदच आहे, म्हणून म्हटलं बोलावं.

मापाच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. शबानाने, तुमच्या सुनेने, तुम्ही गेल्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर तुमच्याकडची दुकानाची किल्ली आणि ही वही माझ्या हातात दिली. म्हणाली, आमच्या घरात हे कोणाला वाचता येणार नाही, तुम्हीच ठेवा. पुढच्या पानांवर तुम्ही घेतलेली मापं आहेत. आकडे तुम्हाला येत होते, नावं लिहायचा कंटाळा. म्हणून नावाच्या जागी चित्र. कोपऱ्यावरच्या भाजीवालीसाठी वांगं, शाळेतल्या बाईंसाठी छत्री, स्कूटरवरून येणारीसाठी नुसतं एक चाक. माझ्या मापावर तुम्ही कुलूप काढलंय. इतकी वर्षं वही हाताळली आणि ते कुलूप म्हणजे मी, हे मला परवा कळलं.

ते माप घेतलं तो दिवस तुम्ही पुढे शंभर जणींना हसत सांगितला असेल. आम्ही गावाहून थेरगावात नवीन राहायला आलो होतो. ह्यांना कंपनीत काम लागलं होतं आणि मला हुक-बटणाचं काम हवं होतं. डांगे चौकाच्या आतल्या गल्लीत तुमचं पत्र्याचं दुकान. मी दारात उभी राहिले, तोंडातून शब्द निघेना. तुम्हाला वाटलं गिऱ्हाईक आहे. तुम्ही टेप घेऊन उठलात, छाती, कंबर, बाही, सगळं मापलंत, वहीत लिहिलंत, आणि मी ‘बरं’ म्हणून घरी निघून गेले. तिसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा तुम्ही विचारलंत, बाई, माप दिलंस, कापड कुठं हाय? मी म्हटलं, कापड नाही, काम पाहिजे होतं. तुम्ही इतक्या हसलात की हातातली कात्री खाली ठेवावी लागली. मग डोळे पुसून मला एक डबा दिलात हुकांचा. त्या दिवसापासून मी तुमच्या डाव्या बाजूच्या स्टुलावर बसले ती बसलेच.

आपा, मी देवाला फार काही मागत नाही, पण तुमचा डोळा मला मिळावा असं नेहमी वाटायचं. दुकानात बसून तुम्ही गल्लीतून जाणाऱ्या बायका बघायचात. एकदा म्हणालात, ही उजवा खांदा टाकून चालती, पोरगं त्याच कडेवर घेत असंल, हिची त्या अंगाची बाही अर्धं बोट मोठी लागंल. महिन्याभराने तीच बाई कडेवर पोर घेऊन ब्लाऊज टाकायला आली. मी टेप लावला. अर्धं बोटच. मी वळून बघितलं तर तुम्ही तिकडे दाताने दोरा तोडत होतात, जसं काही झालंच नाही.

आता ती चोळी. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे आणि तिच्याबद्दलच मी सगळ्यात कमी बोलले.

मशीनच्या खणात पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली ती हिरवी चोळी तुमच्या अब्बांनी शिवलेली शेवटची. ते चाकणच्या आठवड्याच्या बाजारात मशीन घेऊन बसायचे. बायका सकाळी खण घेऊन द्यायच्या, बाजार करून परत येईपर्यंत चोळी तयार. ही चोळी ज्या बाईची होती ती न्यायला आलीच नाही. मग चोळ्या मागे पडल्या, ब्लाऊज आले, अब्बा गेले. पण शिंप्याच्या घरात गिऱ्हाइकाचं कापड म्हणजे अमानत. तुम्ही लग्न होऊन थेरगावात आलात तेव्हा भांड्यांबरोबर तीही आणलीत. वर्षातून एकदा उन्हात घालायचात, झटकायचात, परत ठेवायचात. कोण जाणे, आलीच तर, असं म्हणायचात. मी मनात म्हणायचे, ती बाई आता असेल तरी शंभरीची असेल.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात दुकान माझ्या एकटीच्या अंगावर होतं. तेव्हा मृणालताई पहिल्यांदा आल्या. चिंचवडला त्यांचं मोठं दुकान, काचेचं, आत एसी. त्यांच्या हातात पणजीचा फोटो होता आणि त्या फोटोवरून त्यांच्या टेलरने शिवलेला एक ब्लाऊज. बाहेरून अगदी फोटोसारखा, पुढे गाठ, आखूड बाही, काठ दंडावर. पण घालून हात वर केला की सगळा ब्लाऊजच वर चढायचा. त्या म्हणाल्या, आता जुन्या स्टाइलला फार मागणी आहे, व्हिंटेज म्हणतात त्याला, पण आमच्या मास्तरांना हे जमत नाही, तुमच्याकडे जुनी शिलाई मिळते असं ऐकलं. मी फोटो बघितला, ब्लाऊज बघितला. काय चुकलंय ते मला दिसलं. काखेत काहीच नव्हतं. फोटोतल्या बाईने हात खाली ठेवलेत, तर फोटोत काख कुठून दिसणार? त्यांनी विचारलं, चार दिवसांत द्याल? मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून मान हलवली. माझ्या आयुष्यातल्या पुष्कळ गोष्टी अशाच ठरल्यात.

काखेत चौबगला असतो हे मी तुमच्याकडून ऐकलं होतं. चौकोनी तुकडा कापायचा आणि काखेत तिरका बसवायचा, म्हणजे हात मोकळा उठतो. ऐकलं होतं, पण बसवलेला आतून बघितला नव्हता. मी खण उघडला, फडकं सोडलं आणि अब्बांची चोळी उसवायला घेतली.

आपा, ते मी केलं ते चूकच होतं. पण उसवताना मला भीती वाटली नाही. देवळात गेल्यावर आवाज आपोआप बारीक होतो ना, तसं झालं. एकेक टाका निघत गेला आणि एकेक तुकडा वेगळा झाला. मी ते लादीवर मांडले तर त्यांचा परत अर्ध्या खणाचा चौकोन तयार झाला. बोटभर चिंधी गेली नव्हती. बाहीतून जे निघालं ते काखेत गेलं होतं, गळ्यातून जे निघालं ते गाठीत. आपण ब्लाऊज कापतो तर ओंजळभर चिंध्या पडतात. त्या माणसाने बाजारात, धुळीत बसून, गिऱ्हाईक समोर उभं असताना हे केलं होतं. मी किती वेळ त्या तुकड्यांकडे बघत बसले मला माहीत नाही. बाहेर एक बाई पिकोची साडी घेऊन दोनदा हाका मारून गेली.

मी एकच बाजू उसवली. वर्तमानपत्रावर खुणा काढल्या आणि तीच भोकं धरून परत शिवून टाकली. मृणालताईंचा ब्लाऊज झाला. त्यांनी तो घालून दुकानातच हात वर केला आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

तुम्ही काळा चष्मा लावून आठ दिवसांनी आलात. बसलात, खण उघडलात, चोळी काढलीत. डोळ्यांना अजून नीट दिसत नव्हतं. तुम्ही फक्त काखेवरून अंगठा फिरवलात, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

‘ही तुरपाई उजव्या हाताची हाय,’ तुम्ही म्हणालात. ‘अब्बा डावरे हुते.’

मला वाटलं आता तुम्ही मला उठायला सांगाल आणि मी उठेन. तुम्ही विचारलंत, एकच बाजू उसवलीस? मी हो म्हटलं. का? मी म्हटलं, भीती वाटली.

‘मग अर्धंच कळलं असंल तुला. घे ब्लेड. दुसरी बाजू माझ्यासमोर उसव.’

तुम्ही चष्म्याआडून भिंतीकडे बघत होतात आणि टाका तुटल्याच्या आवाजावरून मला सांगत होतात, हळू, इथं दुहेरी हाय. मध्येच म्हणालात, नक्कल डोळ्यानं करत्यात विमल, शिकायचं तर उसवाय लागतं. दुसरा तुकडा निघाला. मी तो पहिल्याच्या खुणेवर ठेवला आणि तो जुळेना. एका बाजूने दीड बोट लांब. मला वाटलं अब्बांची चूक. तुम्ही तो हातात घेतलात, चाचपलात आणि हसलात. म्हणालात, चूक न्हाई, ही बाई उजव्या हातानं टोपली डोक्यावर चढवत असणार, तिचा तो हात जास्त उठायचा.

मग तुम्ही ते वाक्य म्हणालात. ते मी वहीत तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

‘कट जुना असतो. काख ज्याची त्याची.’

त्या दिवशी मला पहिल्यांदा ती न आलेली बाई दिसली. नाव नाही, गाव नाही, तोंड नाही. फक्त तिचा वर उठलेला उजवा हात. आणि तो हात अब्बांनी एकदा बघून कापडात ठेवला होता, आणि तुम्ही इतक्या वर्षांनी न बघता अंगठ्याने ओळखला. मी आजपर्यंत एवढं मोठं काही बघितलं नाही आपा. लोक डोंगरावरचे किल्ले बघायला जातात. मला ती काख पुरली.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे, पण मला सांगू द्या, कारण तुमच्यासमोर मी ते नीट सांगितलं नाही.

मृणालताईंसाठी मी शिवलेल्या चोळ्या चालल्या. आधी चार, मग दहा. मग त्यांनी चिंचवडला हॉल घेऊन प्रदर्शन भरवलं आणि आपल्या दोघींना बोलावलं. तुम्ही नवीन ओढणी घेतली होती. आत पुतळ्यांना चोळ्या घातल्या होत्या आणि प्रत्येकीवर वरून दिवा सोडला होता. बाजूला पाटी, जुन्या काळची चोळी नव्या रूपात, आणि खाली मृणालताईंचं नाव. मला राग आला. तुम्हाला नाही आला. तुम्ही एका पुतळ्याचा हात धरून वर करायला गेलात, तो निघून तुमच्याच हातात आला. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. तुम्ही तो हात परत बसवत मला म्हणालात, हिला कशाला चौबगला घातलास गं, हिला कुठं टोपली उचलायची हाय? मी तोंडावर पदर धरून हसले. मग तुम्ही अब्बांच्या चोळीवरून मी शिवलेल्या, दिव्याखालच्या हिरव्या चोळीसमोर बराच वेळ उभ्या राहिलात. म्हणालात, अब्बांनी कंदिलाखाली शिवलं, बघ किती उजेडात उभं हाय. तुमचे डोळे भरले होते. मी राग गिळला, पण तो गेला नाही.

त्याच आठवड्यात मृणालताई कागद घेऊन आल्या. तुम्ही चाकणला मुलाकडे गेल्या होतात. त्यांनी चहा मागवला, माझ्या मुलीची चौकशी केली. म्हणाल्या, शिलाईचे पैसे वेगळे मिळत राहतील, हे अठरा हजार फक्त कटचे. हा काखेचा कट तुम्ही दुसऱ्या कोणासाठी वापरायचा नाही, एवढंच. एक्सक्लुझिव्ह म्हणतात. बाई वाईट नव्हत्या आणि नाहीत. त्यांनी मला फसवलं नाही, कागद मोठ्याने वाचून दाखवला. मला तेव्हा काय दिसत होतं सांगू? मोटरचं मशीन. स्वतःचं. इतकी वर्षं मी तुमच्या मशीनवर शिवत होते, आणि मला वाटायचं स्वतःचं मशीन आलं की माझा आवाजही थोडा मोठा होईल. मी सही केली. चौथीतली सही, प्रत्येक अक्षर सुटं.

मशीन आलं. तुम्ही त्याला हार घातलात, पेढा वाटलात. पैसे कुठून आले विचारलंत तर मी ॲडव्हान्स म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

मग शोभा आली. तुमची लाडकी, चाकणच्या कंपनीत वायरी जोडणारी. त्या सगळ्याच पोरी तुमच्या लाडक्या. आठ-आठ तास डोक्याच्या वर हात करून काम, त्यामुळे टॉप काखेतच फाटायचे. कंपनीची बस पकडायच्या आधी धावत यायच्या, फाटलेला टॉप पिशवीत. तुम्ही त्यात चौबगला घालून द्यायचात, हाताला येईल त्या चिंधीचा. काळ्या टॉपला पिवळा, निळ्याला लाल. पहिल्यांदा पोरी लाजल्या. मग लाइनवरच्या इतर पोरी विचारायला लागल्या, तुझ्या काखेत ते काय चमकतंय? मग त्या स्वतःच रंग सांगायला लागल्या. त्या दिवशी शोभाने दोन नवे टॉप माझ्यासमोर टाकले आणि म्हणाली, विमलताई, एकात गुलाबी टाका आणि एकात काहीही, उद्या बसच्या आधी नेते. मी टॉप हातात घेतला. खाली ठेवला. म्हटलं, मला नाही जमणार.

‘का? परवा तर त्या चिंचवडवाल्यांचे वीस नग केलेत.’

मी मान खाली घातली. तुम्ही मशीन थांबवलंत. मग तुम्ही शोभाला म्हणालात, माझ्याकडं दे पोरी, मी करते. ती गेल्यावर तुम्ही विचारलंत आणि मी कागदाचं सगळं सांगितलं. तुम्ही मला चोळी उसवल्याबद्दल एक शब्द बोलला नव्हतात. या कागदावर मात्र तुमचा चेहरा बदलला.

‘कुणाचा कट हाय तो, जो तू इकलास?’

मी म्हटलं, तुमचा. तुम्ही म्हणालात, माझा न्हाई. मी म्हटलं, अब्बांचा. त्यांचा बी न्हाई, तुम्ही म्हणालात, आणि मग अब्बांनी तुम्हाला सांगितलेलं मला सांगितलंत. अब्बा तरणे होते, नुकते बाजारात बसायला लागले होते. एका बाईने त्यांच्याकडून चोळी शिवून नेली आणि पुढच्या बाजाराला परत आली. भर बाजारात हात वर करून म्हणाली, मास्तर, हे बघा, टोपली उतरवता येत न्हाई. मग तिने पिशवीतून आईची जुनी, हाताने शिवलेली चोळी काढली आणि त्यांच्यापुढे टाकली. म्हणाली, उसवून बघा आणि मग शिका. अब्बांनी तिथेच मातीत बसून ती उसवली. त्या बाईचं नाव त्यांनी विचारलं नाही. मरेपर्यंत त्यांना त्याचंच वाईट वाटायचं.

मी त्या दिवशी तुमच्याशी भांडले. आयुष्यात एकदाच. म्हटलं, कुणाचाच नाही तर मग मृणालताईंच्या चोळीला हजारो रुपये का मिळतात आणि आपल्याला शिलाईचे अडीचशे का? त्या बाईच्या आईला काय मिळालं? अब्बांना काय मिळालं? पाटीवर नाव कुणाचं? माझा आवाज एवढा वर गेला की शेजारचा मोबाइलवाला डोकावला.

तुम्ही त्याला हात हलवून जायला सांगितलंत. मग म्हणालात, ‘याचा जवाब माझ्याकडं न्हाई, विमल. पण जवाब न्हाई म्हणून कुलूप लावायचं व्हय?’

आपलं भांडण तिथेच राहिलं आपा. आजही मला तुमचं सगळं पटलेलं नाही. पाटीवर तुमचं नाव हवं होतं. तुम्हाला नको होतं तरी हवं होतं. आणि पैसेही हवे होते, तुम्हाला गुडघ्याची पट्टी घ्यायला सुद्धा महिनाअखेरीपर्यंत थांबावं लागायचं. हे मी तुम्हाला परत कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी शेवयांचा डबा आणलात आणि मी तो मुकाट्याने खाल्ला. भांडण मिटलं असं तुम्हाला वाटलं असेल. ते मी जपून ठेवलंय.

मी चिंचवडला गेले. बसमध्ये चारदा पाठ केलेलं वाक्य तिथे काचेच्या दारात विसरले. शेवटी म्हटलं, पैसे परत घ्या, कागद परत द्या. मृणालताईंना आधी कळेना. मग म्हणाल्या, तुमची इच्छा, मी जबरदस्ती करणार नाही, पण सगळे पैसे फिटेपर्यंत ठरलं ते ठरलं. तेही बरोबरच होतं. सही मी केली होती. मशीन विकायला काढलं असतं तर तुम्ही विकू दिलं नसतं. तुम्हीच म्हणालात, मशीननं काय गुन्हा केलाय, त्याच्यावरच फेड. मग फॉल-पिको. दिवसाला आठ साड्या, कधी दहा. आणि पोरींचे टॉप तुम्ही एकट्या करायचात, कारण सही तुमची नव्हती. मी नुसते दोरे ओवून द्यायचे. तुम्ही प्रत्येक पोरीला आधी हात वर करायला लावायचात. मी बघायचे. इतक्या पोरी, इतके हात, आणि एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही.

आणि नेमके तुमचे हात थांबले. साखर वाढली, मग छातीत दुखलं, मग मुलाने तुम्हाला चाकणला नेलं. दुकान मी उघडत होते. पोरी येऊन टॉप ठेवून जायच्या. मी सांगायचे, थोडं थांबा. त्यांना वाटायचं आपा बऱ्या होऊन येतील, म्हणून त्या थांबायच्या. पिशव्यांचा ढीग झाला. दरवेळी मी तुम्हाला भेटायला आले की दाराशीच बसायचे. तुमच्या घरात माणसं असायची आणि मला लाज वाटायची. तुम्ही पलंगावरून माझ्याकडे बघायचात आणि बोलायचा त्रास नको म्हणून नुसतं भुवई उडवून विचारायचात, किती राहिले? मी बोटं दाखवायचे. पाच हप्ते. चार. शेवटच्या वेळी तीन. तुम्ही माझ्या तीन बोटांकडे बघून हसलात आणि स्वतःची मूठ मिटून दाखवलीत. म्हणजे, मिटव लवकर. त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. तुम्हीच मला हात दिलात, असं काहीतरी. मी पदर सारखा केला आणि उठले.

तुम्ही गेलात त्या दिवशी शबानाने मला आत बोलावलं. बायकांनी तुम्हाला आंघोळ घातली होती. कफन कापायला एक म्हातारी आजी बसली होती आणि तिला कापडाचं दुसरं टोक धरायला कोणी हवं होतं. शबाना म्हणाली, तुम्ही धरा, आपांना तुमचाच हात लागू दे. मी धरलं. पांढरं, कोरं, कडक कापड. आजीने गळ्याला एक चीर दिली, बस. टाका नाही, गाठ नाही, बाही नाही. टाका घालायचा नसतो, तिने मला समजावलं. ज्या बाईने एवढं शिवलं ती बिनशिवलेल्या कापडात निघाली. मला रडू येत होतं, पण माझा मेला डोळा कापडावरच. आजीचं सगळं कापून झालं तेव्हा खाली चटईवर एकही चिंधी नव्हती. मी मनात म्हटलं, आपा, बघा, बोटभर वाया गेलं नाही.

नंतर एक हप्ता मी तुमच्याविना दिला, मग दुसरा. तिसरा आज.

मृणालताईंनी पैसे घेतले आणि खणातून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, एक विचारू? एवढा चांगला सौदा तुम्ही का सोडलात? मी खाली बघणार होते. मग मला तुमचं मशीन बंद असलेलं आठवलं, म्हणजे आता कोणाला ऐकू येणार नाही असं म्हणायलाही जागा नाही. मी म्हटलं, ताई, उजवा हात वर करा. त्या हसल्या, पण त्यांनी केला. मग म्हटलं, आता डावा. तो खांद्याच्या जरा वर जाऊन थांबला. त्या म्हणाल्या, हो, हा लहानपणी मोडला होता, तुम्हाला कसं कळलं? मी म्हटलं, कट जुना असतो ताई, काख ज्याची त्याची, तुमच्यासाठी शिवेन तेव्हा दोन्ही तुकडे वेगळे कापेन, कुणी शिकायला पाठवलंत तर शिकवेन, आणि पुढच्या वेळी पाटी लावाल तेव्हा त्यावर चाकणच्या बाजारातल्या एका बाईची आई, असं लिहा. एवढं मी एका दमात बोलले. मग त्यांनी पेन मागवलं आणि ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. लावतील की नाही, माहीत नाही.

येऊन दुकान उघडलं. ढिगातली सगळ्यात वरची पिशवी शोभाची. ती बसच्या आधी आलीच. मी तिला हात वर करायला लावला, आधी उजवा, मग डावा, आणि तुमच्यासारखी अंगठ्याने जागा बघितली. उजव्याला एक बोट जास्त लागलं. गुलाबी चिंधी तुमच्याच डब्यातली. ती टॉप घालून रस्त्यावर गेली, आणि तिने बसला हात केला तेव्हा तो तुकडा मला इथून दिसला.

तुम्ही विचारायचात तशी भुवई उडवून विचारा आता. एकही बोट वर नाही, आपा. मूठ मिटली आहे. सगळे पैसे फिटले.